नाकाच्या थेंबांपासून बालवाडीपर्यंत

१९६२ साली जर्मनीत, ऱ्हाईनकाठच्या इंगेलहाइम गावातल्या बोरिंगर कंपनीत हेल्मुट श्टेले या रसायनशास्त्रज्ञाने एक नवे संयुग तयार केले. हेतू साधा होता. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब हवे होते. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसल्या की सूज उतरते आणि श्वास सुटतो, एवढीच त्यामागची कल्पना. कंपनीतल्या एका डॉक्टरांच्या सेक्रेटरीबाईंना तेव्हा सर्दी झाली होती. त्यांच्या नाकात या द्रावणाचे थोडे थेंब सोडले, आणि बाई झोपल्या त्या जवळजवळ २४ तास उठल्याच नाहीत. नाडी मंदावली, रक्तदाब उतरला. सर्दीचे पुढे काय झाले याची चौकशी मग कोणी केली नाही. सर्वांचे लक्ष त्या उतरलेल्या रक्तदाबाकडे गेले. हेच क्लोनिडिन. १९६६ मध्ये ते रक्तदाबाची गोळी म्हणून बाजारात आले. पुढे वीसेक वर्षांनी हीच गोळी एका जागी बसू न शकणाऱ्या मुलांना दिली जाऊ लागली, आणि आणखी दहा वर्षांत ती अमेरिकेतल्या दोन, तीन, चार वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्यांवरही दिसू लागली. नाकाच्या थेंबांचा हा बालवाडीपर्यंतचा प्रवास कोणी आखलेला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

पायाला भिंगरी, अंगात वारे शिरलेय, दोन मिनिटे बूड टेकत नाही, असे आपल्याकडे ज्या मुलांविषयी सहज बोलले जाते त्यातली बहुतेक मुले नुसती वांड असतात आणि कालांतराने ताळ्यावर येतात. काहींचे तसे होत नाही. घरात, शाळेत, खेळात, सगळीकडे आणि सतत त्यांचे लक्ष निसटते, हात-पाय थांबत नाहीत, मनात आले की कृती झालेलीच असते. या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. तिच्यावरच्या औषधांचे दोन गट पाडतात: मेथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन ही उत्तेजके एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉन-स्टिम्युलंट’. हे दुसरे नाव आपल्या महसूल खात्यातल्या ‘बिगरशेती’ शब्दासारखे आहे. सातबाऱ्यावर बिगरशेती लिहिले की त्या जमिनीवर बंगला आहे, गोदाम आहे की पेट्रोल पंप, हे काही कळत नाही; शेती नाही इतकेच कळते. रक्तदाबाचे क्लोनिडिन, रक्तदाबाचेच ग्वानफॅसिन, नैराश्यासाठी बनवलेले पण तिथे न चाललेले ॲटोमोक्सेटिन, युरोपात जुने झालेले नैराश्याचे विलोक्साझिन, यांना एका खुंटीला बांधणारी गोष्ट एकच, की ती उत्तेजके नव्हेत. माझे म्हणणे असे की हे नाव रसायनशास्त्राने दिलेले नाही, ते कायद्याने आणि लोकांच्या धास्तीने दिले. आणि नाव ऐकायला सौम्य असल्यामुळे ही औषधे सर्वांत लहान मुलांपर्यंत सर्वांत सहज पोचली, जिथे त्यांच्याविषयीची माहिती सर्वांत तोकडी होती.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा आजारच औषध कंपन्यांनी गोळ्या खपवण्यासाठी उभा केला, मग कोणती गोळी कुठून आली याची चर्चा कशाला? इतिहास याला साथ देत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखी गोळी नव्हती. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोल्नोव यांनी १९३२ मध्ये लहान मुलांतल्या ‘अतिचलना’चे जे वर्णन केले, ते आजच्या वर्णनाच्या इतके जवळ आहे की वाचताना तारीख पुन्हा पाहावी लागते. तीन-चार वर्षांच्या वयात सुरुवात आणि सहाव्या वर्षाच्या आसपास जोर, हे निरीक्षणही त्यांचेच. दोघेही ज्यू. क्रामर नेदरलंड्सला निघून गेले. पोल्नोव १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले आणि त्यांचे काम कित्येक दशके विस्मरणात राहिले. ज्या आजाराचे पहिले चांगले वर्णनकार विक्रीच्या कुठल्याही साखळीत नव्हते, तो आजार विक्रेत्यांनी शोधला असे म्हणता येत नाही. विक्रेत्यांनी पुढे त्याच्या सीमा रुंदावल्या असतील, पण तो वाद वेगळा.

औषध आले ते १९३७ मध्ये, आणि तेही चुकून. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ब्रॅडली होम ही मुलांसाठीची मानसोपचार संस्था होती. तिथे मेंदूचे छायाचित्र घेण्याआधी पाठीच्या कण्यातून द्रव काढून हवा भरत, आणि त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन पाहिले. डोके दुखायचे ते दुखतच राहिले, पण काही मुले वर्गात शांत बसून गणिते सोडवू लागली. ५ ते १४ वयाच्या ३० मुलांपैकी १४ जणांच्या अभ्यासात डोळ्यांत भरेल असा फरक पडला. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. आता यातली गंमत बघा: हे बेन्झेड्रिन त्या काळी औषधाच्या दुकानात मिळे ते चोंदलेल्या नाकासाठी हुंगायच्या नळीच्या रूपात. उत्तेजक असो की उत्तेजकेतर, दोन्हींचा उगम नाकाशीच. रक्तवाहिन्या आकसवणारी रसायने आणि मेंदूतल्या नॉरॲड्रिनॅलिनशी खेळणारी रसायने ही एकाच गोत्रातली असल्यामुळे असे झाले. या दोन गटांमध्ये जी भिंत आज आपण गृहीत धरतो, ती तेव्हा नव्हती.

१९५० आणि १९६०च्या दशकांत हाती येईल ते औषध या मुलांना देऊन पाहण्याचा सपाटा चालला होता. त्या यादीत एक नाव मुंबईशी जोडलेले आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सप्रमाण मांडले, आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले. याच सिबाच्या लिआंद्रो पानित्सोन यांनी १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार केले होते आणि बायकोच्या रिटा या लाडक्या नावावरून त्याचे ‘रिटालिन’ असे बारसे केले होते. १९५८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत एक निबंध आला, त्यात बिघडलेल्या वर्तनाच्या रुग्णांवर, मुलांवरही, रिटालिन आणि रेसरपिन या दोन्हींचा परिणाम तपासला होता. म्हणजे सर्पगंधेच्या मार्गाने रक्तदाबाचे औषध चंचल मुलांपर्यंत क्लोनिडिनच्या कितीतरी आधी पोचले होते. रेसरपिन मज्जापेशींमधला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिकामा करते. मूल त्याने गप्प झाले तरी त्याचे लक्ष लागण्याची शक्यता कमीच. पण गप्प बसणे आणि लक्ष लागणे यांतला फरक त्या काळात मोजलाच जात नव्हता, आणि शिक्षकाच्या दृष्टीने पहिले घडले की काम भागत असे. क्लोरप्रोमाझिनसारखी वेडाच्या झटक्यांवरची औषधेही याच न्यायाने दिली गेली. हा फरक मनात ठेवावा लागेल, कारण पुढे तो पुन्हा उपटतो.

मग १९७० साल आले. जून महिन्यात वॉशिंग्टन पोस्टने बातमी छापली की नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी गोळ्या दिल्या जात आहेत. आकडा फुगवलेला होता. तो एकूण मुलांचा नसून शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या एका गटाचा होता, हे नंतर स्पष्ट झाले. पण तोवर बोभाटा व्हायचा तो झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये सुनावणी झाली. तरुणांमध्ये ‘स्पीड’ म्हणून ॲम्फेटामिनची नशा पसरत असतानाच्या त्या दिवसांत, तेच रसायन सरकारी शाळेतल्या मुलांना देतात, हे वाक्य ऐकूनच माणसे हादरली. १९७१ मध्ये ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट दोन्ही अमेरिकेच्या कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या अनुसूचीत गेली, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात झालेल्या मनोव्यापारी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय करारातही त्यांना तशीच जागा मिळाली. इथून पुढे चिठ्ठीचे दोन प्रकार झाले: एक, जिची नोंद राहते, जी फोनवरून पुन्हा भरून मिळत नाही, जी घेताना आई खालच्या आवाजात बोलते, आणि दुसरी, साधी. ‘उत्तेजक नव्हे’ या शब्दांना वजन आले ते या दुसऱ्या चिठ्ठीमुळे. मेंदूत काय घडते याच्याशी त्याचा संबंध फार थोडा. ॲटोमोक्सेटिन आणि मेथिलफेनिडेट दोन्ही नॉरॲड्रिनॅलिन पेशीत परत शोषले जाण्याला अडवतात. मेथिलफेनिडेट सोबत डोपामिनही सर्वत्र वाढवते आणि म्हणून त्याची नशा होऊ शकते. हा फरक खरा आणि महत्त्वाचा आहे. पण तो व्यसनाच्या शक्यतेतला फरक आहे, आणि व्यसनाची शक्यता नाही म्हणजे धोका नाही असे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

व्यसन नसले तरी धोका असू शकतो, हे उत्तेजकांच्या पहिल्या पर्यायानेच दाखवले. इमिप्रामिन हे स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५०च्या दशकात नैराश्यासाठी पुढे आणलेले औषध अंथरूण ओले करणाऱ्या मुलांना दिले जातच होते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांच्या हातांना त्याची सवय होती. चंचल मुलांना ते साठच्या दशकापासून देऊन पाहिले गेले. त्याचाच भाऊबंद डेसिप्रामिन. १९८९ मध्ये बोस्टनच्या जोसेफ बीडरमन यांच्या चमूने काटेकोर चाचणीत तो उपयोगी ठरवला. दुसऱ्याच वर्षी, १९९० मध्ये, डॉक्टरांसाठीच्या ‘मेडिकल लेटर’ या पत्रिकेने डेसिप्रामिन घेणाऱ्या तीन मुलांच्या अचानक मृत्यूची नोंद केली. ही औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतवहनात अडथळा आणतात हे ज्ञात होते. मुलांच्या हृदयाचे काय, हे पुरेसे तपासले नव्हते. उत्तेजकांची भीती वाटून आईबापांनी जो सुरक्षित रस्ता धरला होता, त्यावर मुले गेली.

क्लोनिडिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आणि मला विचाराल तर याहून बोलकी आहे. १९७९ मध्ये येल विद्यापीठाचे डोनाल्ड कोहेन यांनी टुरेट सिंड्रोमच्या मुलांना, म्हणजे ज्यांचे डोळे, मान, आवाज आपोआप झटके देतात अशांना, क्लोनिडिन दिले. त्यातल्या बऱ्याच मुलांना एडीएचडीही असतो, आणि उत्तेजकांनी झटके वाढतील ही तेव्हाची मोठी धास्ती होती. १९८५ मध्ये रॉबर्ट हंट आणि सहकाऱ्यांनी केवळ एडीएचडीसाठी त्याची छोटी चाचणी घेतली. मुले शांत झाली. शिवाय रात्री झोपू लागली, आणि क्लोनिडिनच्या प्रसाराचे खरे इंगित इथे आहे. दिवसभर घर डोक्यावर घेणारे मूल रात्री अकरापर्यंत जागे राहते तेव्हा घरच्यांची काय दशा होते ते वेगळे सांगायला नको. त्या घराला रात्री आठ वाजता मिळणारी झोप हा उपचारच वाटतो, आणि उत्तेजकामुळे उडालेल्या झोपेवर उताराही तोच ठरतो. इंगेलहाइमच्या त्या सेक्रेटरीबाईंना जो दुष्परिणाम झाला होता, तोच इथे गुण म्हणून विकला जाऊ लागला. कंपनी मात्र विकत नव्हती. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीची मुलांवर चाचणी घेण्यात कोणालाच फायदा नव्हता. डॉक्टर एकमेकांकडून ऐकून देत होते.

किती देत होते, हे फेब्रुवारी २००० मध्ये कळले. मेरीलँड विद्यापीठाच्या ज्युली झिटो यांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्यांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून १९९१ ते १९९५ या काळाची तुलना केली आणि ती जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये छापली. वर्तमानपत्रांनी मथळा केला तो रिटालिनचा, कारण त्याचे प्रमाण ठिकाणागणिक दीडपट ते तिप्पट झाले होते आणि संख्येनेही तेच पुढे होते. पण सर्वांत वेगाने वाढलेले औषध क्लोनिडिन होते: जिथे वाढ सर्वांत कमी तिथे जवळजवळ सातपट, जिथे सर्वांत जास्त तिथे २८ पट. अजून नीट बोलताही न येणाऱ्या मुलांना, ज्या वयासाठी त्या औषधाची मात्रासुद्धा कोणी ठरवलेली नव्हती. ओमाहाचा गवगवा वीस-पंचवीस वर्षांनी असा फळाला आला. एका औषधाभोवती कुंपण घातले की गुरे दुसऱ्या शेतात शिरतात, आणि त्या शेतात काय पेरले आहे हे पाहायला तिथे राखणदार नसतो.

मात्रा ठरलेली नसणे म्हणजे काय, हे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहिल्यावर नीट कळते. क्लोनिडिनची नेहमीची गोळी ०.१ मिलिग्रॅमची, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमची. वाटाण्याहूनही कितीतरी लहान. चार वर्षांच्या मुलाला तिचा अर्धा नाहीतर चतकोर भाग द्यायचा. सुरीखाली ती एकतर भुगा होते किंवा टुणकन उडून फ्रीजखाली जाते. आज मुलाला किंचित जास्त तुकडा गेला, उद्या कमी, आणि परवा मूल उलट्या करते म्हणून दिलाच नाही, तर एकदम थांबवल्यामुळे रक्तदाब उसळी घेऊ शकतो. गोळी नको म्हणून अमेरिकेत काही औषध दुकानदार ती खलून पातळ औषध बनवून देत. २००१ मध्ये पीडिअॅट्रिक्स नियतकालिकात एडीएचडी असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकिगत आली: द्रावण बनवताना झालेल्या चुकीमुळे त्याला हजारपट मात्रा गेली होती. मूल बचावले. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यात हजाराचा फरक असतो आणि कागदावर तो एका अक्षराने किंवा एका टिंबाने पुसला जातो. पुढे आलेल्या खास बनावटीच्या औषधांनीही हा प्रश्न सुटला नाही. ग्वानफॅसिन आणि क्लोनिडिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरता, चावता किंवा तोडता येत नाहीत. ॲटोमोक्सेटिनची कॅप्सूल उघडायची नाही, कारण आतली पूड डोळ्यांना झोंबते. ज्या वयात मूल गोळी गिळायला शिकलेले नसते, त्या वयाचा विचार या वस्तू घडवताना कोणी केलेला नव्हता हे त्यांच्या आकारावरूनच दिसते.

याला उत्तर असे दिले जाते, आणि ते हलके नाही: सारे वैद्यकच उसनवारीवर चालते. एका रोगासाठीचे औषध दुसऱ्याला लागू पडणे हा दोष कसा? मान्य. उसने आणण्याला माझी हरकत नाही. उसन्या औषधाबरोबर त्याचे ज्ञान आपोआप येते असे मानण्याला आहे. आणि हे ज्ञान मिळवता येते, याचे उत्तम उदाहरण याच इतिहासात आहे. येलमध्येच एमी अर्नस्टेन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी म्हाताऱ्या माकडांवर प्रयोग केले, त्यांचा निबंध १९८५ मध्ये सायन्समध्ये आला. माकडासमोर दोन खळगे. एकात खाऊ ठेवायचा, दोन्ही झाकायचे, मध्ये पडदा पाडायचा, काही सेकंदांनी पडदा वर. खाऊ कुठे होता हे त्या पडद्याआडच्या सेकंदांत मनात धरून ठेवणे, हे कपाळामागच्या मेंदूचे काम. म्हातारपणी ते ढासळते. क्लोनिडिनने ते सुधारले. पुढे याच जातीच्या ग्वानफॅसिननेही सुधारले, आणि झोप कमी आणून. म्हणजे ही औषधे मुलाला नुसती गुंगी आणत नाहीत, लक्ष धरून ठेवण्याच्या यंत्रणेवरही काम करू शकतात, असे म्हणायला पहिल्यांदा आधार मिळाला. मघाशी सांगितलेला गप्प बसण्यातला आणि लक्ष लागण्यातला फरक इथे कोणीतरी मोजला. येलच्याच लॉरेन्स स्कॅहिल यांनी २००१ मध्ये झटके आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या मुलांवर ग्वानफॅसिनची नियंत्रित चाचणी छापली, आणि २००९ मध्ये त्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. पुढच्या वर्षी क्लोनिडिनच्या तशाच गोळीलाही. क्लोनिडिनच्या बाबतीत मान्यता वापरामागून पंचवीस वर्षांनी आली.

ॲटोमोक्सेटिनला मात्र मान्यता आधी मिळाली आणि वापर नंतर झाला, म्हणून त्याला वेगळे काढायचा मोह होतो. एली लिली कंपनीने ते १९८०च्या दशकात नैराश्यासाठी तपासले आणि बाजूला ठेवले. १९९८ मध्ये एडीएचडी असलेल्या प्रौढांवरच्या छोट्या चाचणीत ते चालले, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी ते मान्य झाले. मूळ नाव टोमोक्सेटिन. स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनशी घोळ होऊ नये म्हणून पुढे ‘ॲ’ जोडला. ‘एडीएचडीवरचे पहिले उत्तेजकेतर औषध’ हीच त्याची जाहिरात होती, आणि नियंत्रित यादीत नसणे हाच त्याचा मोठा गुण. परिणामाच्या बाबतीत ते थोडे मागे राहिले: २००८ मध्ये छापलेल्या थेट तुलनेत लांब पल्ल्याच्या मेथिलफेनिडेटने ५६ टक्के मुलांना पुरेसा गुण आला, ॲटोमोक्सेटिनने ४५ टक्के, औषध नसलेल्या बनावट गोळीने २४ टक्के. दरम्यान डिसेंबर २००४ मध्ये यकृताच्या इजेचा इशारा लागला, आणि सप्टेंबर २००५ मध्ये काळ्या चौकटीतला: चाचण्यांमध्ये हे औषध घेणाऱ्या मुलांपैकी ०.४ टक्के मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते, बनावट गोळीवरच्या एकाच्याही नाही. प्रमाण अगदी कमी आहे, लक्ष ठेवून औषध देता येते, आणि कित्येक मुलांना त्याचा फायदा झाला आहे. तरीही काळी चौकट या ‘सौम्य’ औषधाला लागली.

आता सर्वांत लहान मुलांविषयीचा आक्षेप. म्हणतात, चार वर्षांच्या लेकरांवर औषधांच्या चाचण्या घेणे अनैतिक, म्हणून माहिती नाही, आणि ती नसणेच बरे. झिटो यांच्या आकड्यांपुढे हा युक्तिवाद टिकत नाही. चाचणी न घेता औषध देणे हाही प्रयोगच, फक्त त्याची वही कोणी ठेवत नाही. त्या आकड्यांनंतर अमेरिकी सरकारच्या पैशाने प्रीस्कूल मुलांची एक मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये निष्कर्ष आले. ३०३ मुले घेतली होती; आधी सर्व पालकांना प्रशिक्षण, आणि तेवढ्याने न भागलेल्यांनाच औषध. मेथिलफेनिडेट चालले, पण मोठ्या मुलांइतके नाही. दुष्परिणामांमुळे सुमारे ११ टक्के मुलांनी सोडले. वर्षभर घेणाऱ्यांची उंची अपेक्षेपेक्षा २० टक्के कमी वाढली. म्हणजे उत्तेजकांची धास्ती निराधार नव्हती, हे मला मान्य करावे लागते. पण उत्तेजकेतर औषधांची या वयातली वही फार पातळ आहे. ॲटोमोक्सेटिनची पाच-सहा वर्षांच्या १०१ मुलांवरची चाचणी २०११ मध्ये आली: लक्षणे उतरली, तरी शेवटी औषधावरची ६२ टक्के मुले मध्यम किंवा तीव्र आजारीच होती. क्लोनिडिन-ग्वानफॅसिनचे म्हणाल तर २०२१ मध्ये सात बालविकास केंद्रांच्या जुन्या नोंदी चाळून ४९७ मुलांचा हिशोब मांडला गेला: यांवर ६६ टक्के मुलांत सुधारणा, उत्तेजकांवर ७८ टक्के. उत्तेजकांवर चिडचिड, भूक मरणे आणि झोप उडणे जास्त. या दोन औषधांवर दिवसा पेंगणे ३८ टक्के, उत्तेजकांवर ३. बनावट गोळीशी तुलना नाही, चिठ्ठ्या टाकून मुलांची गटांत वाटणी नाही. तीस वर्षे दिल्या गेलेल्या औषधाविषयी जमलेली या वयाची सर्वांत मोठी वही ही, आणि तिच्यात ठळकपणे दिसते ती पेंग.

लेबलांकडे पाहिले तर चित्र आणखी चमत्कारिक होते. अमेरिकेत ॲम्फेटामिनची काही जुनी औषधे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मान्य आहेत, कारण ती मान्यता आजच्या कसोट्या येण्याआधीची. मेथिलफेनिडेट सहापासून, आणि सारी उत्तेजकेतर औषधेही सहापासूनच. २०२१ मध्ये आलेले विलोक्साझिनसुद्धा. ही सहाची रेघ मेंदूच्या वाढीत कुठे दिसत नाही. मुलांवर चाचण्या केल्या तर कंपनीला सहा महिने जास्त मक्तेदारी देण्याचा कायदा १९९७ मध्ये झाला तेव्हापासून चाचण्या वाढल्या खऱ्या, पण त्या शाळेत जाणाऱ्या मुलांवर, जिथे बाजार होता. त्याखालच्या वयासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि उपचारांचे निकष ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्था दोन्ही सांगतात की आधी आईवडिलांना शिकवा, गोळीचे नंतर बघू. हा सल्ला चांगला आहे. ते शिकवणारा माणूस जिथे नसतो, तिथे गोळीचे आधी बघितले जाते.

आणि तो माणूस आपल्याकडे क्वचितच असतो. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात मेथिलफेनिडेट असल्यामुळे मोठ्या शहरांतल्या काही दुकानांपलीकडे मेडिकलवाले त्याचा साठाच ठेवत नाहीत. हिशोबाची कटकट कोण करणार? ॲटोमोक्सेटिन साध्या चिठ्ठीवर तालुक्यालाही मागवता येते, आणि क्लोनिडिन तर आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कप्प्यातच असते. त्यामुळे औषधाची निवड कित्येकदा मुलाकडे पाहून होतच नाही. व्हिएन्नात ठरलेली यादी ती आधीच करून ठेवते.

मे २०२४ मध्ये एफडीएने क्लोनिडिनचे एक नवे रूप मान्य केले: पातळ औषध, हळूहळू सुटणारे, रात्री एकदा. चिरायचे नाही, खलायचे नाही, फ्रीजखाली शोधायचे नाही. त्याच्या लेबलावर वय लिहिले आहे सहा वर्षे आणि पुढे.